आरसीसीबी पडते म्हणून काढू नका, आधी सॉकेट उघडून पाहा

भाऊ, आपण लिहिले आहे की यवतमाळकडील आपल्या गावी नव्या घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण, बसवली आहे, कूलर सुरू केला की ती पडते, आणि वायरमन ती काढून ‘डायरेक्ट’, म्हणजे तारा थेट जोडून देतो म्हणतो. पुतण्याने अमेरिकेहून आणलेले, टेस्ट आणि रिसेटची बटणे असलेले सॉकेट तिच्याऐवजी कूलरला चालेल का, असेही आपण विचारले आहे. सॉकेटचे शेवटी सांगतो. डायरेक्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका. हेच वाक्य आमच्या वर्धा जिल्ह्यातील घरी उच्चारले गेले होते आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही. पुढील मजकूर वाचून आपण स्वतः बोर्डात हात घालावा असा माझा हेतू नाही.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतील फरक आपल्याला ठाऊक असेलच. करंट प्रमाणाबाहेर वाढला की एमसीबी पडतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढेच आरसीसीबी पाहते. तफावत १५ मिलिअँपिअरपर्यंत असेल तर तिने पडू नये, ३० ला पडलेच पाहिजे, आणि मधल्या पट्ट्यात ती केव्हाही पडू शकते. तेव्हा ती पडली याचा अर्थ काही करंट तिसऱ्याच वाटेने निघून जात आहे. ती वाट कूलरमध्ये आहे की भिंतीतल्या वायरिंगमध्ये, हाच खरा प्रश्न आहे, आणि दहांतील नऊ वायरमन तो स्वतःला विचारतच नाहीत.

आमच्याकडे घर आणि गोठा यांचे वायरिंग एकाच वेळी झाले. गोठ्यात कडबा कुट्टीसाठी थ्री-पिन सॉकेट हवे होते. अर्थिंगची तार तिथपर्यंत न्यायची तर आणखी वायर लागली असती, म्हणून वायरमनने सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तारेचा तुकडा जोडला, म्हणजे जंपर मारला. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून दाखवला, तो लख्ख पेटला, आणि अर्थिंग उत्तम आहे असे सांगून तो मजुरी घेऊन गेला. लॅम्प पेटणारच होता, कारण तो प्रत्यक्षात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच लागलेला होता. पुढे कुट्टी चालू केली की घराची आरसीसीबी पडू लागली. कुट्टीची लोखंडी चौकट गोठ्याच्या ओल्या जमिनीत बोल्टने पक्की केलेली होती, त्यामुळे न्यूट्रलने परतणाऱ्या करंटचा काही भाग जंपरवाटे चौकटीत आणि चौकटीतून जमिनीत जात होता. दीड किलोवॅटची मोटर साडेसहा अँपिअरच्या पुढे करंट घेते. त्यातला हजारामागे पाच एवढा भाग जमिनीने गेला तरी आरसीसीबी पडायला पुरतो. उपकरण आपले काम अगदी चोख करत होते. त्याच वायरमनला पुन्हा बोलावले, तेव्हा “हे शहरातले नाजूक काम आहे, खेड्यात चालत नाही,” असे म्हणून त्याने आरसीसीबी काढली आणि तारा थेट जोडून दिल्या.

त्यानंतर मृगाच्या आधीच्या वादळात खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की घरात चालू असलेल्या पंख्यांतून, दिव्यांतून येणाऱ्या करंटला परतीची वाट उरत नाही, आणि आतील सगळी न्यूट्रल तार फेजच्याच पातळीला जाते. आमच्या गोठ्यात ती तार जंपरने कुट्टीच्या चौकटीला जोडलेली होती, आणि चौकटीलगत दुभती गाय बांधलेली होती. कुट्टीचे बटण बंद होते, पण बटण फक्त फेज तोडते. जंपर असूनही आरसीसीबी जागेवर राहिली असती, तर गेलेला करंट परत येत नाही हे तिने तत्क्षणी ओळखले असते. गायीच्या जागी धार काढायला बसलेले माणूसही असू शकले असते, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

नुकसानभरपाईसाठी एका कार्यालयात गेलो. तेथे पंचनामा आणि पशुवैद्यकीय दाखला घेऊन बऱ्याच टेबलांवर फिरवल्यानंतर, दोष मीटरच्या पुढचा, म्हणजे आपल्या घरातला आहे, असे सांगण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ते अर्धे खरेही होते. परंतु ज्या कागदाच्या आधारे जोडणी दिली गेली होती, त्या टेस्ट रिपोर्टवर अर्थिंगच्या रोधाचा आकडा सुबक अक्षरात भरलेला होता, आणि तो मोजायला कोणतेही यंत्र आमच्या अंगणात कधीच आले नव्हते. हा कागद दुकानात बसून कसा भरला जातो, असे मी विचारले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी पुढच्या माणसाला बोलावले. असो.

आता आपल्या कूलरकडे वळू. मेन स्विच बंद करून कूलरचे सॉकेट उघडवून घ्या आणि न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा जोडलेला आहे का ते पाहा. असेल तर आपले दुखणे बहुधा तेच, आणि तो तुकडा काढून खरी अर्थिंगची तार आणण्याला पर्याय नाही. तसे काही नसेल, तर त्याच सॉकेटवर दोन पिनांचा साधा टेबल फॅन लावून पाहा. दोन पिनांचे उपकरण अर्थला टेकतच नाही. त्यावरही आरसीसीबी पडली तर कूलर बहुधा निर्दोष आहे आणि गोंधळ न्यूट्रलमध्ये आहे. टेबल फॅन चालतो आणि कूलरच पाडतो असे दिसले, तर पिन काढून कूलरच्या पंपाची जोडणी सोडवून घ्या आणि केवळ पंखा चालवून पाहा. पत्र्याच्या स्थानिक कूलरमध्ये पंपाची वायर टाकीच्या धारदार कडेवर घासून सोलली जाते किंवा पंपाच्या आत पाणी शिरते. पंप बदलणे हे घरातले माणूस बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहे.

न्यूट्रलचा गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा इन्व्हर्टर. आपल्याकडे वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि तो बसवणारा माणूस इन्व्हर्टरवर घेतलेल्या दिव्यांचा न्यूट्रल हाताला येईल तिथे, कधी आरसीसीबीच्या आधी तर कधी नंतर, जोडून मोकळा होतो. फेज आरसीसीबीतून गेली आणि न्यूट्रल तिला वळसा घालून परतला, की ९ वॅटचा एक एलईडी दिवासुद्धा जवळपास ४० मिलिअँपिअरची तफावत दाखवतो आणि आरसीसीबी पडते. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल तिच्याच पट्टीवर राहिला पाहिजे आणि तो दुसऱ्या कशालाही शिवता कामा नये. येथेच वायरमन थकतात, कारण सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी कधीकधी टिकत नाही. एकेरी एमसीबी केवळ फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, म्हणून कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटले असतील तर एमसीबी पाडून काही कळत नाही. मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडवत दोषी सर्किट शोधावे लागते. हे वेळखाऊ काम आहे. ते करायला तयार असलेला माणूस मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. हाताशी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, असलेला मिळाला तर उत्तमच, मात्र मेगर लावण्याआधी टीव्ही, इन्व्हर्टर वगैरे सोडवून ठेवायला सांगा.

आपल्या भागात आरसीसीबी हवीच, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण आपली काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती ओल धरते आणि अर्थिंग चांगली लागते. मे महिन्यात तिला भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो २० ओहम झाला आणि कूलरच्या पत्र्यात फेज उतरली. २३० व्होल्टला २० ने भागले तर साडेअकरा अँपिअर येतात. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. तीच अर्थिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पुरून उरते, कारण पत्र्यावर ५० व्होल्ट चढण्याआधी ती पडावी यासाठी दीड हजार ओहमच्या पुढचा रोधही चालतो. म्हणून अर्थिंग कच्ची आहे, आरसीसीबीचा काय उपयोग, हे बोलणे उलटे आहे. अर्थात यावरून अर्थिंग नसली तरी चालते असे कृपया समजू नका. अर्थिंग असेल तर दोष झाल्याबरोबर आरसीसीबी पडते. नसेल तर कोणीतरी पत्र्याला हात लावेपर्यंत ती थांबते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालत जा.

आरसीसीबीवरचे टी अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि कूलर माळ्यावरून उतरवाल त्या दिवशी तर नक्कीच. त्या बटणाने आतील यंत्रणा हलते की नाही एवढेच कळते, अर्थिंगची परीक्षा होत नाही. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर आरसीसीबी काही करू शकत नाही, कारण तिच्या हिशेबात गेलेला करंट परत आलेला असतो. त्यामुळे टाकीत पाणी भरताना आणि वाळ्याच्या ताट्या बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन काढलीच पाहिजे. पायात चप्पल आहे या भरवशावर कोणी राहू नये.

अमेरिकेच्या सॉकेटबद्दल. ते तिथल्या १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेले असते, त्याच्या खाचांत आपली पिन बसत नाही, आणि आपल्या २३० व्होल्टवर त्याचा भरवसा धरता येत नाही. कल्पना मात्र चांगली आहे. चार्ल्स डॅल्झिएल या अमेरिकन प्राध्यापकांनी विजेचा धक्का बसलेल्या माणसाला किती करंटपुढे हात सोडवता येत नाही हे मोजले होते. पुरुषांमध्ये ती मर्यादा सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास निघाली. ‘करंटने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो ते याच मर्यादेपलीकडे. तिथली सॉकेटे ४ ते ६ मिलिअँपिअरलाच करंट तोडतात, म्हणजे या मर्यादेच्या बरीच खाली. आपली ३० ची आरसीसीबी झटका चुकवत नाही. करंट ३० ला पोचला की तो ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडून जीव वाचवते. कूलरसाठी वेगळी सोय करायचीच असेल, तर त्याच्या सर्किटवर स्वतंत्र आरसीबीओ घ्या. तिच्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही असतात, आणि तिची जोडणी घराच्या आरसीसीबीतून न घेता वेगळी घेतली, तर कूलरचा दोष निघाला तरी बाकीचे घर अंधारात जात नाही. घरात इन्व्हर्टर तंत्राचा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असेल, तर दुकानात ‘ए’ प्रकारची, म्हणजे अशा उपकरणांतून होणारी एकाच दिशेची स्पंदित गळतीही ओळखणारी, मागा; ‘एसी’ प्रकार थोडा स्वस्त असतो आणि दुकानदार विचारल्याशिवाय तोच काढून देतो.