एक नोव्हेंबरच्या भाषणाआधी

चि. पोरी,

तुझं पत्र मिळालं. काळ्या दिनाच्या, म्हणजे आपण सीमाभागातली मराठी माणसं १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळतो त्या दिवसाच्या, सभेत पहिल्यांदाच बोलायचंय, चार मुद्दे सांगा, असं म्हणतेस. घोषणा तुला पाठच आहेत, त्या मी काय सांगणार? पण या तारखेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपण ती वर्षानुवर्षं अर्धीच सांगत आलोय.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच वर्षी १७ जानेवारीला गोळीबारात आपली माणसं पडली होती. त्याच्याही दहा वर्षं आधी, मे १९४६ मध्ये, बेळगावातल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. हे सगळं तू बोलशीलच, बोलायलाच हवं. हुतात्म्यांची नावं मात्र कागदात न बघता घे. एकेक नाव सावकाश, घाई नको.

आता उरलेला अर्धा भाग. त्याच १ नोव्हेंबरला सातवी घटनादुरुस्तीही लागू झाली आणि राज्यघटनेत ३५०क आणि ३५०ख ही दोन कलमं आली. पहिलं सांगतं, की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्यानं या हक्कांवर लक्ष ठेवायला एक विशेष अधिकारी दिला, त्याचे अहवाल संसदेपुढं जातात. राज्यांची रेघ कुठंही ओढली तरी काही माणसं पलीकडं राहणारच, हे राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाला कळत होतं. म्हणून त्यानं अशा संरक्षणाचा विचार वेगळा केला. आपण ती रेघ मानत नाही, २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लढायचाच. पण निकाल लागेपर्यंत पोरं दरवर्षी पहिलीत जाणारच ना?

मी मास्तरकी केली ती खानापूर भागात. मराठी शाळेला शिक्षक नाही म्हणून गावकरी निवेदन घेऊन जायचे. दोन पानं भरून इतिहास, शेवटी ‘तरी अन्याय दूर करावा’. साहेब ते घ्यायचे नि ठेवून द्यायचे. मग एका वर्षी गावातल्या एका बाईनं अर्ज लिहिला, एवढासाच. कुठल्या वर्गात किती मुलं, मंजूर शिक्षक किती, हजर किती, जागा कधीपासून रिकामी, आणि खाली कलम ३५०क. पोच घेतली, शिक्का घेतला, पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन उभी राहिली. शिक्षक आला. मला विचारशील तर त्या बाईनं १ नोव्हेंबर आपल्या सगळ्यांपेक्षा नीट पाळला.

आणखी एक, आणि हे मी जीव तोडून सांगतोय. त्या दिवशी बेळगावच्या चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, गर्दी असेल, त्यात तुझ्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणीही असतील. त्यांच्या तारखाही तुला ठाऊक हव्यात. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं ते नंदगडला, आपल्याच खानापूर तालुक्यात. किती मराठी पोरं ती जागा बघून आलीत? डिसेंबर २०२१ मध्ये तिकडं बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, इथं बेळगावात रायण्णांच्या. दोघेही परक्या सत्तेशी लढले, आणि त्यांच्या नावानं आपण एकमेकांवर धावून जायचं? हक्कासाठी जोरात बोल, पण शेजाऱ्याच्या वीराबद्दल वावगा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. टाळ्या पडतील, तरीही नको.

भाषण दहा मिनिटांच्या वर नेऊ नकोस. त्याआधी तुमच्या गावच्या शाळेत जा, हेडबाईंकडून यंदाचा पट आणि रिकाम्या जागा लिहून आण. सभेत त्या वाचून दाखव. पुढच्या रविवारी कागद घेऊन घरी ये, अर्ज दोघं मिळून लिहू.

तुझे,
गुरुजी