वाचकांचे प्रश्न : जर्मनीत राहताना फोनचा खर्च

प्रश्न : मुलगा एमएससाठी आखेनला चालला आहे. बँकेचे ओटीपी इथल्याच नंबरवर येतात. तो नंबर चालू ठेवायला दरमहा महागडं रोमिंग घ्यावं लागेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : नाही. रोमिंग पॅक लागतात कॉल आणि इंटरनेटला. तुम्हाला हवाय फक्त येणारा एसएमएस, आणि तो आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या सिमवर परदेशातही फुकट येतो. त्यासाठी इंटरनॅशनल रोमिंगची सेवा कंपनीच्या अ‍ॅपमधून इथे असतानाच चालू करून घ्या आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नका. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर इंटरनेट नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे रिचार्ज आले. त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. तसलाच घ्या. रोजच्या दीड जीबीचे पैसे आखेनमध्ये बसून भरण्यात काय अर्थ?

‘20 रुपये बॅलन्स ठेवला की झालं’ असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं. 90 दिवस काही वापर झाला नाही तरी 20 रुपये शिल्लक असतील तर नंबर बंद होत नाही, दर 30 दिवसांनी तेवढे कापले जातात. पण त्याने फक्त नंबर हातात राहतो. रिचार्ज संपलेल्या सिमवर ओटीपी येईलच, याची हमी त्यात नाही.

आता फोनमधल्या सेटिंग्ज. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. एसएमएसला डेटा लागत नाही, त्यामुळे ओटीपी अडत नाहीत. मोबाइल डेटासाठी जर्मन सिम निवडा, आणि आयफोन असेल तर ‘सेल्युलर डेटा स्विचिंग’ (फोन आपोआप दुसऱ्या सिमच्या डेटावर जाण्याची सोय) हेही बंद करा. निघण्यापूर्वी ##002# डायल करा, म्हणजे सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. हे राहून गेलं तर भुर्दंड पडतो : न उचललेला कॉल आधी जर्मनीपर्यंत जातो, तिथून व्हॉइसमेलसाठी पुन्हा भारतात येतो, आणि दोन्ही खेपांचे पैसे लागू शकतात. येणारा कॉल उचलला तरी मिनिटाचे पैसे पडतातच. इकडे सकाळी 11 वाजता क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन सुरू होतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. झोपेतल्या माणसाला समोरचा नंबर कोणाचा हे कळत नाही. म्हणून त्या सिमवर अनोळखी कॉल गप्प ठेवलेले बरे.

ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलेली सिम) करायची असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी करा. सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. आदल्या रात्री हा उद्योग केलात तर विमानतळावर कार्डाचा ओटीपी येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप भारतीय नंबरवरच राहू द्या. यूपीआयही. परदेशी नंबरवरून यूपीआयची सोय 2023 मध्ये ज्या दहा देशांपासून सुरू झाली, त्यांत जर्मनी नव्हता.

तिथे गेल्यावर पहिले काही महिने प्रीपेडच घ्यावं. पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, ती व्हिडिओ कॉलवरही होते. पॅक बहुधा 28 दिवसांचे असतात, म्हणजे वर्षात 12 नव्हे, 13 वेळा पैसे भरायचे. बॅलन्स कमी पडला तर पॅक पुढे चालू होत नाही आणि बऱ्याच ठिकाणी कॉल मूळ दराने कापले जातात. स्वस्त वाटणारा करार 24 महिन्यांचा असतो. मुदत संपल्यावर मात्र, डिसेंबर 2021 पासून, एका महिन्याच्या सूचनेवर तो कधीही सोडता येतो.

प्रश्न : आम्ही कोन्स्टान्झला राहतो. युरोपभर रोमिंग फुकट आहे ना? मग कुठेही न जाता जादा बिल कसं आलं?

उत्तर : तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर स्वित्झर्लंड आहे, आणि गोची तिथेच आहे. 15 जून 2017 पासून लागू असलेला युरोपीय संघाचा रोमिंग नियम स्वित्झर्लंडला लागू नाही. काही जर्मन करारांत तो देश धरलेला असतो, काहींत नसतो. आपला करार काढून बघा. खिडकीशी स्विस टॉवरचा सिग्नल जोरदार मिळाला की फोन गुपचूप तिकडे जातो. सेटिंग्जमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपल्या कंपनीचं जर्मन नेटवर्क हाताने निवडा. वरच्या कोपऱ्यात स्विसकॉम, सनराइज किंवा सॉल्ट दिसलं, तर समजा फोन सीमा ओलांडून गेला. प्रवास नसेल तेव्हा डेटा रोमिंग बंदच ठेवा. रोमिंग डेटावर करांशिवाय 50 युरोंची मर्यादा असते, 19 टक्के कर धरून 59.50. पण ती फक्त डेटाची. कॉलला ती लागू नाही.

प्रश्न : आईकडे गावी साधा बटणांचा फोन आहे. जर्मनीहून तिला स्वस्तात फोन कसा करायचा?

उत्तर : जर्मन सिमवरून थेट लावू नका. मिनिटाला 19 सेंटची (अधिक कर) जी कमाल मर्यादा आहे ती युरोपीय संघातल्या देशांपुरती. स्काइप मे 2025 मध्ये बंद झालं. आता व्हायबर आउटसारख्या सेवेत थोडे पैसे भरून नेटवरून तिच्या नंबरवर फोन लावता येतो. भरण्याआधी भारतातल्या मोबाइलचा दर, अपुऱ्या मिनिटाची आकारणी आणि क्रेडिटची मुदत पाहा. भारतीय सिमवरचा वायफाय कॉलही फुकट समजू नका, त्याला कंपनीच्या रोमिंगच्या अटी लागू शकतात. आईला स्मार्टफोन जमणार असेल तर तोच सगळ्यात स्वस्त : व्हॉट्सअ‍ॅपचा साधा कॉल मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी घेतो, व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट.