नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या गावांत कॅथलिक शाळा एवढ्या कशा? मिशनऱ्यांनी लादल्या का?

लादल्या म्हणणं अवघड आहे. गावांनीच मागून घेतल्या, असं मी म्हणेन.

मी काही वर्षं लागोसला नोकरीला होतो. ऑफिसात एक वडीलधारे ओनिचा या इग्बो शहरातले होते, मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे 'ओगा', म्हणजे साहेब, म्हणायचो. कुठले विचारलं की हा माणूस गावाआधी शाळा सांगायचा: सीकेसी, म्हणजे ख्राइस्ट द किंग कॉलेज. तिथूनच मला या विषयाचा नाद लागला.

नायजर नदीकाठच्या ओनिचात स्पिरिटन या कॅथलिक संघाचे फ्रेंच पाद्री 1885 मध्ये आले. ते पैसे मोजून गुलाम सोडवत आणि त्यांची वेगळी ख्रिस्ती वस्ती वसवत. साहजिकच हा गुलामांचा धर्म, म्हणून घरंदाज मंडळी चार हात लांब राहिली. 1902 मध्ये आयरिश फादर जोसेफ शॅनहन आले, 1905 मध्ये मिशनचे प्रमुख झाले, आणि त्यांनी हा पैसा शाळांकडे वळवला.

वेळही अचूक साधली गेली. इंग्रजांनी नुकतीच गावोगाव 'नेटिव्ह कोर्टं' बसवली होती. साहेबाला इग्बो येत नाही, फिर्यादीला इंग्रजी येत नाही. मधे दुभाषा आणि कारकून. तो सांगेल ती साक्ष, तो लिहील तो निकाल. कुलकर्ण्याने वाचून दाखवलेल्या कागदावर ज्यांच्या पणजोबांनी अंगठा उठवलाय, त्यांना यापुढचं सांगायला नको. गावाला आपला एक इंग्रजी जाणणारा पोरगा हवा होता. सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या प्रोटेस्टंट मिशनचा भर इग्बोतून बायबल वाचण्यावर. शॅनहननी इंग्रजी दिली. मग गावंच जागा साफ करून, मातीच्या भिंती उभारून मास्तर मागायला येऊ लागली. शॅनहनना धर्मांतर हवंच होतं, ते त्यांनी लपवलं नाही. गावकऱ्यांनाही तो सौदा कळत होता.

सीएमएसचं माध्यमिक विद्यालय ओनिचात 1925 लाच निघालं होतं. कॅथलिकांचं सीकेसी बिशप चार्ल्स हीरी यांनी 1933 मध्ये काढलं.

पुढे इग्बोंचा भाग बियाफ्रा नावाने नायजेरियातून फुटला आणि युद्ध पेटलं. जानेवारी 1970 मध्ये बियाफ्रा पडला, आयरिश पाद्र्यांना देशाबाहेर काढलं गेलं, आणि त्याच वर्षी त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या उकपाबी असिका यांच्या प्रशासनाने एका आदेशाने सगळ्या मिशन शाळा ताब्यात घेतल्या. सीकेसीचं नाव बदलून काही वर्षं 'हीरी हायस्कूल' केलं. गंमत बघा, ख्रिस्त काढला आणि बिशप ठेवला! पुढे जुनं नाव परत आलं. शाळा चर्चकडे परत जायला मात्र कितीतरी वर्षं गेली. ते झालं पीटर ओबी आनाम्ब्रा राज्याचे, म्हणजे ओनिचा ज्यात येतं त्या राज्याचे, गव्हर्नर असताना. ओबी स्वतः सीकेसीचेच.

आमचे ओगा नेमके त्या मधल्या वर्षांतले. दाखल्यावर 'हीरी हायस्कूल' छापलेलं. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "छपाईची चूक आहे ती."