आरपीएम वर, बोट तिथेच

प्रश्न : नमस्कार दादा. मी मूळचा साताऱ्याचा, आता स्टॉकटनला असतो, कॅलिफोर्नियात. मार्चमध्ये एक जुनी जेट बोट घेतली, १९७६ ची, १८ फुटी, फायबरची. आत ओल्ड्समोबिल ४५५ इंजिन आणि बर्कली १२जेसी पंप. पहिले दोन महिने झकास चालली, ४३०० आरपीएमला ५० मैलांच्या आसपास जायची. आता फुल थ्रॉटलला काटा ४८०० वर जातो आणि बोट मात्र ३८-४० च्या पुढे सरकत नाही, मधेच इंजिन एकदम किंचाळतं. जोरात पळवली की टेम्परेचरही चढतं, हळू चालवली तर नाही. खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, थोडं पाणी पण साठतं. मित्र म्हणतो इंजिन म्हातारं झालं, कॅम बदल, मोठा कार्ब्युरेटर टाक, ४५० हॉर्सपॉवर काढू. दोन हजार डॉलर बाजूला ठेवलेत. बायको म्हणते विकून टाका. कोणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं तर अजिबात ऐकू नका. वहिनींचं काय करायचं ते नंतर बघू.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त ते उलटं वाचलं गेलंय. इंजिन म्हातारं झालं असतं तर आरपीएम कमी झाले असते, वाढले नसते. पंख्याच्या बोटीत, म्हणजे प्रॉपेलरवाल्या, बोटीचा वेग बदलला की इंजिनावरचा भार बदलतो. जेट बोटीला पंखा नसतो, पंप खालून पाणी ओढून मागे जोरात फेकतो. जेट पंपाचं तसं नसतं, बोट उभी असो की पळत असो, ठरावीक आरपीएमला पंप जवळपास ठरावीकच ताकद खातो. म्हणून जुन्या जेट बोटीत आरपीएमचा काटा हाच डॉक्टर. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर इंजिन तपासा. काटा नेहमीपेक्षा वर आणि वेग कमी, म्हणजे पंपाच्या तोंडी पाणी पुरेसं येत नाहीये किंवा पाण्याबरोबर हवा येतेय, इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, फेसात फिरतोय आणि इंजिन मोकळं सुटून किंचाळतंय. यात कॅम बदलून काय होणार, अजून जोरात किंचाळेल एवढंच.

आता तुम्ही स्टॉकटनला, म्हणजे सॅक्रामेंटो-सॅन होआकिन डेल्टात फिरवत असणार. तिथे काय आहे? जलपर्णी! आपल्या मुळा-मुठेत आणि पंचगंगेत माजते ना, तीच. तिची मुळं आणि पाण्याखालचं शेवाळ-गवत पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं आणि वरून काही दिसत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी बोट ट्रेलरवर घ्या, किल्ली काढून खिशात टाका (बॅटरीची वायर पण काढा, मी काढतो, हसू देत लोकांना) आणि खाली झोपून टॉर्चने जाळी बघा. मग आत पंपाच्या वरच्या बाजूला हात घालायचं झाकण असतं ते उघडा आणि हाताने चाचपा. मला तिथे आत्तापर्यंत स्कीइंगच्या दोरीचा तुकडा, पोराची चप्पल आणि एकदा अख्खा टॉवेल सापडलाय. दोरी शाफ्टभोवती गुंडाळलेली असेल तर खेचत बसू नका, ब्लेडने कापून काढा.

जाळी साफ निघाली तर पुढचा संशय हवेवर. तुम्ही ते हाताचं झाकण मधे कधी उघडलं होतं का? त्याचं गॅस्केट नीट न बसणं हे फार कॉमन, पाणी बाहेर येत नाही पण पंप ओढायला लागला की तिथून हवा आत जाते. दुसरी जागा म्हणजे पंपाचं तोंड बोटीच्या बुडाला जिथे बसतं तिथलं सील. तिसरी शाफ्टचं पॅकिंग, ग्रीसने माखलेली जाड दोरी असते तीच. तुमचं बिल्जमधलं पाणी बहुतेक इथूनच येतंय. पॅकिंगमधून अधूनमधून थेंब पडणं हा दोष नाही, तो थेंबच त्याला थंड ठेवतो. पण धार लागली असेल तर ते घासलंय, आणि बोट पळायला लागली की तिथूनच हवा शिरू शकते. नट हळूहळू, पाव-पाव फेरा आवळा. पुष्कळ जण एकही थेंब नको म्हणून करकचून आवळतात, मग पॅकिंग जळतं, शाफ्टला चर पडते आणि पन्नास डॉलरचं काम आठशेवर जातं.

तिसरं म्हणजे वेअर रिंग. इम्पेलर ज्या रिंगच्या आत फिरतो ती. दोघांत फट हवी साधारण १० ते १५ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं समजा. हाताच्या झाकणातून फीलर गेज घालून चार बाजूंनी मोजा. वाळू खाऊन खाऊन ही फट ३० थाऊच्या पुढे गेली असेल तर इम्पेलरने ढकललेलं पाणी त्या फटीतून परत मागे पळतं आणि तेच तेच पाणी गोल फिरत राहतं. एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त भरली तर बेअरिंगही गेलंय असं धरून चला. इम्पेलरच्या पात्यांच्या कडाही बघा, दगडाने टवके उडाले असतील तर बारीक कानशीने हलकेच घासून गोलाई आणता येते, पण पात्याला चेचक झाल्यासारखे खड्डे दिसले तर ते कॅव्हिटेशनचे, म्हणजे पंपाला बराच काळ पाणी कमी पडतंय आणि वाफेचे बुडबुडे पात्यावर फुटतायत.

टेम्परेचरचं कोडं पण यातच सुटण्याची शक्यता आहे. या जुन्या बोटींत बऱ्याचदा इंजिनाला थंड करणारं पाणी जेट पंपाच्याच दाबाने येतं, वेगळा पाण्याचा पंप नसतो. पंप हवा खात असेल तर इंजिनाला पण फेसच मिळणार. आधी पाण्याच्या लाइनमधली गाळणी उघडून वाळू काढा. त्या लाइनवर एक व्हॉल्व असतो, दाब जास्त होऊ नये म्हणून तो थोडा दाबून ठेवलेला असतो, आधीच्या मालकाने कुठे ठेवलाय ते मार्करने खूण करून मगच हात लावा. आणि काट्यावर आंधळा विश्वास नको, सेन्सरच्या आट्यांवर टेप जास्त गुंडाळला तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि रीडिंग चुकतं. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतो, त्याने इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारे जाड पाइप, मोजून बघा.

आता ४५० हॉर्सपॉवरचं. हिशोब सांगतो म्हणजे मित्रालाही दाखवता येईल. तोच इम्पेलर ठेवून आरपीएम वाढवायचे तर लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते. ४५०० चे ५००० करायचे, म्हणजे फक्त ११ टक्के जास्त, तर ताकद लागते ३७ टक्के जास्त. ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन असेल तर ४१० लागणार! एवढा खर्च करून बोट चार-पाच मैल जास्त पळाली तर पळाली. उलट झिजलेला पंप नीट केला की तुमचे गेलेले दहा मैल फुकटात परत येतात, फुकट नाही, पण दोन हजारांत आरामात बसावं. त्यातून उरले तर ट्रिम होणारा नॉझल, म्हणजे धार सोडणारं हलतं तोंड, टाका, पाण्याची धार थोडी वर-खाली करता येते, नाक उचलायचं की दाबायचं ते तुमच्या हातात येतं. त्या एका गोष्टीने बोट वेगळीच वाटायला लागते. इम्पेलरचे ए, बी, सी असे वेगवेगळे कट, म्हणजे मापं, मिळतात, मोठा कट जास्त ताकद खातो आणि आरपीएम खाली ठेवतो. ४५५ हे खालच्या आरपीएमला ढकलणारं इंजिन आहे, वर किंचाळत ठेवायचं नाही, तेल वरच्या हेडमधून खाली यायला वेळ लागतो म्हणून खूप वेळ वरच्या आरपीएमला ठेवलं तर बेअरिंग धोक्यात. म्हणजे छोटा कट टाकून आरपीएम वाढवायची आयडिया पण इथे नको.

आणि कार्ब्युरेटर बदलायचाच झाला तर भंगारातल्या गाडीचा आणून लावू नका, हे हात जोडून सांगतो. गाडीत पेट्रोल ओसंडलं तर रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्याने उडून जाते. बोटीत ते बिल्जमध्ये पडतं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी पाण्यासारखी साठते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघते. मरीन कार्ब्युरेटर ओसंडलेलं पेट्रोल इंजिनातच सोडतो, मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू देत नाहीत, कार्ब्युरेटरवरचा फ्लेम अरेस्टर बॅकफायरची आग अडवतो. दिसायला सगळं गाडीसारखंच असतं आणि किंमत दुप्पट, म्हणूनच लोक फसतात. पन्नास वर्षं जुन्या बोटीत आधीच्या चार मालकांनी काय काय लावलंय देव जाणे, सगळं एकदा बघून घ्या. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलवाल्या पेट्रोलने आतून मऊ होतात, ते बदलाच. आणि रोज, म्हणजे रोज, सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवा आणि मग झाकण उचलून नाकाने वास घ्या.

हे सगळं करायच्या आधी एक हातोडी घ्या. प्लास्टिकची. इंजिन ज्या लांब फळ्यांवर बसलंय, स्ट्रिंगर म्हणतात, ते बाहेरून फायबर आणि आतून लाकूड असतं. ठोकत जा. टक-टक आवाज आला तर छान, भद-भद आला तर लाकूड कुजलंय. इंजिनाचे बोल्ट आवळताना नुसतेच फिरत राहिले तरी तेच. मी माझी पहिली बोट घेतली तेव्हा आधी दोन वीकेंड घासूनपुसून पॉलिश केली, तिसऱ्या वीकेंडला ठोकली. भद-भद. तुमचेही स्ट्रिंगर गेलेले निघाले तर वहिनी बरोबर आहेत, विकून टाका, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विका.

प्रश्न : न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चहून लिहितेय. नवरा आणि त्याचा ऑफिसमधला मित्र मिळून वापरलेली ॲल्युमिनियमची जेट बोट घेतायत, वायमाकारिरी नदीत फिरवायला. दोघांना बोटीतलं काही कळत नाही. बघायला जाताना काय बघू? आणि इथे सगळे जेट बोट जेट बोट का करतात?

उत्तर : करणारच ना, ती तिथलीच. मॅकेन्झीमधल्या आयरिशमन क्रीकच्या शेतावर बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तिथल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी ती जमवली. पाण्याची धार पाण्याखालून न सोडता पाण्याच्या वर सोडली आणि बोट पळायला लागली. १९६० मध्ये अशा बोटी कोलोराडो नदीतून ग्रँड कॅन्यन उलटा चढून गेल्या. आणि आपल्याशी नातं सांगायचं तर १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेच्या उगमाकडे निघाले होते, बोटी नंदप्रयागच्या जवळ धबधब्याने अडल्या, पुढे पायी.

बघायला जाल तेव्हा बोट ट्रेलरवर असतानाच तुम्ही खाली वाका, ते दोघं स्टिअरिंगवर बसून फोटो काढू देत. तळाला पोचे असणारच, वायमाकारिरीसारख्या नदीत गोटे लागतातच, पोच्याला घाबरू नका. वेल्डच्या रेषेला केसाएवढी चीर आहे का ते बघा. पंपाच्या तोंडाभोवती विशेष. जाळीचे गज वाकलेत का, इम्पेलर हाताने फिरवला तर खरखर लागते का, आणि शाफ्ट वर-खाली हलतो का. विकणाऱ्याला विचारा की फुल थ्रॉटलला किती आरपीएम येतात, आणि मग पाण्यात स्वतः बघा. वरचं उत्तर वाचलंत तर पुढचं कळेल.

आणि चालवायला बसण्याआधी नवऱ्याला एक गोष्ट पाठ करून घ्या: जेट बोटीला सुकाणू नसतं, पाण्याची धारच तिचं सुकाणू. समोर दगड आला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, धार बंद, आणि बोट सरळ दगडावर. वळायचं तर थ्रॉटल हवाच. खरा न्यूट्रल पण नसतो बहुतेकांत, इंजिन चालू म्हणजे इम्पेलर फिरतोय आणि खालून पाणी ओढतोय, त्यामुळे इंजिन चालू असताना मागच्या बाजूला कोणी पोहायचं नाही, मोकळे केस किंवा सैल दोऱ्या असतील तर मुळीच नाही.

प्रश्न : मी मालवणचा. आमच्याकडे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आहे. ओहोटीला खाडीत पंखा वाळूला लागतो, दोनदा वाकला. त्यालाच जेटचं युनिट लावता येतं असं व्हिडिओत बघितलं. लावू का?

उत्तर : लावता येतं, पण लावू नका. आउटबोर्डला जेट लावलं की ताकद साधारण ३० टक्के जाते, म्हणजे तुमचं ४० चं इंजिन २८ चं झालं, वर माणसं आणि जाळं भरलं की बोट पाण्यावर चढणारच नाही. दुसरं, जेट दगडाला घाबरत नाही पण चिंधीला घाबरतं. खाडीत प्लास्टिकची पिशवी, तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन, दोन्ही भरपूर, आणि ते पंख्याला लागलं तर इंजिन उचलून दोन मिनिटांत सोडवता, जेटमध्ये गेलं तर भरतीची वाट बघत बसाल. शिवाय खारं पाणी आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, दर वेळी गोड्या पाण्याने धुवावं लागेल, गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे बदलत राहावे लागतील. एक जास्तीचा पंखा आणि पिन बोटीत ठेवा, आणि ओहोटीला इंजिन थोडं टिल्ट करून चालवा, तुमच्या वडिलांना विचारा, ते तसंच चालवत असतील.