जुन्या मारुती ८००ची दुरुस्ती मॅन्युअल वाचून, घरच्या घरी करता येईल का?

आपल्याकडे जुनी मारुती ८०० आणि तिचे सर्व्हिस मॅन्युअल आहे, पण महागडी हत्यारे घ्यायची नाहीत, तेव्हा घरी किती काम जमेल, असा आपला प्रश्न आहे. बरेच जमते. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहतो आणि ऑइल, प्लग, ब्रेक व मागच्या चाकांची बेअरिंगे ही कामे अंगणातच करतो. हत्यारे हाताशी असलेल्या वस्तूंतून खुशाल करून घ्यावीत, मात्र वर उचललेली गाडी ज्याच्यावर उभी राहणार आहे, ती वस्तू विकतच घ्यावी.

हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळले. तांबड्या मातीच्या अंगणात जॅक लावून मी मागचे चाक काढले आणि न निघणाऱ्या ब्रेक ड्रमवर हातोडी चालवू लागलो, तेव्हा भिजलेल्या मातीत जॅकचा पाय एका बाजूने रुतला आणि गाडी कलली. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवले होते, त्याच्यावर ती टेकली म्हणून निभावले. तेव्हापासून काम फरशीवर, जोडीने घेतलेल्या जॅक स्टँडवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्यांवर) आणि उरलेली चाके घरंगळू नयेत म्हणून त्यांना जांभ्या दगडाची उटी लावूनच होते. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे कधीही लावू नयेत. ते आधी इशारा न देता फुटतात.

हातोडीचीही गरज नव्हती. ड्रमवर आटे असलेली दोन छिद्रे होती. त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळला की ड्रम आपोआप बाहेर येतो, हे मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेले होते आणि मी ते पान उलटले नव्हते. ड्रम अडकला होता तो पावसात हँडब्रेक ओढून गाडी अनेक दिवस उभी ठेवल्यामुळे; हल्ली मी ती पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवतो.

बोल्ट किती आवळायचा, हे अंदाजावर सोडू नये. टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना) नसल्यास सामान तोलायचा स्प्रिंग काटा चालतो: बोल्टच्या मध्यापासून २५ सेंमीवर पान्याला काटा अडकवून, पान्याशी काटकोनात २० किलोपर्यंत ओढले, की सुमारे ४९ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे एकक) होतात. बेअरिंग ठोकून बसवायला जुन्याच बेअरिंगची बाहेरची रिंग वापरावी. ती आत अडकू नये म्हणून मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका लेथवर तिचा बाहेरचा व्यास जरासा कमी करून घेतला.

ब्रेकच्या कामात मात्र जुगाड नको. पुढच्या चाकाचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. लायनरची (ब्रेकच्या घासल्या जाणाऱ्या अस्तराची) धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून गेल्या वर्षीची उघडलेली बाटली वापरू नये. आणि चाके चढवल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, कारण नवे पॅड बसवताना मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात.