पुढचा ॲक्सल बदलायचाय? आधी ट्रकखाली झोपा

प्रश्न : काका, माझा 1979चा शेव्हरोले के-10 आहे. चार गिअरचा मॅन्युअल, एनपी-205 ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), मागे-पुढे 3.73चा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 3.73 फेऱ्या). 31 इंची टायर काढून 35 इंची घातलेत. पुढचा ॲक्सल कंपनीचाच, दहा बोल्टच्या झाकणाचा टेन-बोल्ट. मित्र म्हणतात तो तुटणारच, डाना 60 हा दणकट ॲक्सल घाल. जवळच एकाकडे 1979च्या फोर्ड एफ-350चा डाना 60 स्वस्तात मिळतोय. घेऊ का?
– एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : घेऊ नका. माल उत्तम आहे, पण तो तुमच्या ट्रकचा नाही.

ट्रकखाली शिरून बघा. शेव्हीचा पुढचा डिफरन्शियलचा गोळा उजवीकडे, पॅसेंजरच्या अंगाला आहे (अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो), कारण तुमच्या एनपी-205मधून पुढचा प्रोपेलर शाफ्ट उजवीकडूनच निघतो. फोर्डचा गोळा डावीकडे, ड्रायव्हरखाली. मग शाफ्ट काय इंजिनाच्या पोटाखालून तिरपा नेणार? "उलटा करून बसवू की," असं म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो. ॲक्सल पालथा घातला की गोळा उजवीकडे येतो खरा, पण गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकल्यावर मागची चाकं पुढे पळतील आणि पुढची मागे. ट्रान्सफर केस बदलून फोर्डची बाजू जुळवता येते, पण मग स्वस्तातला ॲक्सल स्वस्त राहत नाही.

डाना 60च हवा असेल तर शेव्हरोलेच्याच एक टनी के-30खालचा शोधा. 1977पासून तो तिथे येत होता आणि त्याचा गोळा उजवीकडेच आहे. यू-बोल्ट, खालच्या प्लेटा, स्टिअरिंगचे जोड आणि पुढच्या शाफ्टचं टोक बदलावं लागेल, तरी स्प्रिंगच्या पाट्यांवर तो सरळ बसतो. भंगारवाल्याच्या शब्दावर मात्र जाऊ नका. झाकणाचे बोल्ट मोजूनही काही कळत नाही, डाना 44 आणि डाना 60लाही दहाच असतात. हाउसिंगच्या ओतीव बरगडीवर 44 किंवा 60 हा आकडा उठावाचा असतो. तारेच्या ब्रशने घासा, दिसेल. एक टनीचा डाना 60 किंगपिनवाला असतो, म्हणजे चाक एका उभ्या पिनवर वळतं. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर आधी हबचं बेरिंग घट्ट करून बघा, तरीही हललं तर किंगपिनचा खर्च धरून भाव करा.

आता मित्रांनी न विचारलेला प्रश्न. तुम्हाला तो लागतो का? टेन-बोल्टचा क्राऊन, म्हणजे गोळ्यातलं मोठं दातेरी चाक, साडेआठ इंचाचा, डाना 44चाही साधारण तेवढाच. डाना 60चा पावणेदहा. फरक मोठा आहे, पण 35 इंची टायरवर, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) नसताना, शिकारीच्या वाटेवर आणि बर्फात फिरणाऱ्या माणसाचा क्राऊन सहसा तुटत नाही. आधी जातो तो चाकाजवळचा क्रॉस, म्हणजे वळणाऱ्या शाफ्टचा सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाक दगडात अडकलेलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर, अशा वेळी.

म्हणून तुमचे क्रॉस खोलून बघा. हब काढा, स्पिंडल हातोडीने हलकेच ठोकून सोडवा, शाफ्ट बाहेर ओढा. क्रॉसची टोपी निघाली की आतल्या सुया दिसतात. ग्रीसऐवजी गेरूसारखी लाल पूड सांडली तर तो क्रॉस संपला. कोलोरॅडोच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, त्याने हे लवकर होतं. नवा क्रॉस बसवताना योकचे, म्हणजे शाफ्टच्या क्रॉस धरणाऱ्या टोकाचे, कान नीट तपासा. भोक लांबट झालं असेल तर टोपी फिरते, क्लिप उडते, आणि मग कान शाफ्टसकट जातो. तसा शाफ्ट बदलायचाच. सोबत बॉल जॉइंट आणि लॉकिंग हबही उघडा.

राहिला रेशो. 31चे टायर 35 झाल्याने तुमचा 3.73 आता 3.30सारखा वागतोय. घाटात तिसरा गिअर लागतोय, हे तुम्ही लिहिलं नाही तरी मला माहीत आहे. 4.10 घाला, पण पुढे आणि मागे दोन्हीकडे. ॲक्सलच्या पैशांपेक्षा हे पैसे जास्त कामाला येतील.

पुढे कधी वाढवायचंच झालं तर पाऊण टनी के-20ची जोडी बघा. पुढे आठ नटांची चाकं आणि मोठे ब्रेक, मागे फुल-फ्लोटिंग (गाडीचं वजन शाफ्टवर न घेणारा) फोर्टीन-बोल्ट. तुमच्या मागच्या ॲक्सलचा शाफ्ट आत सी-क्लिपवर अडकलेला आहे. शाफ्ट तुटला तर चाकच बाहेर येऊ शकतं. मला विचाराल तर मी तुमच्या ट्रकचं मागचं टोक आधी बदलेन. आणि पुढचा ॲक्सल नुसता बदलला तर पुढे आठ नट, मागे सहा. स्टेपनी कुठली ठेवणार?

एक ताकीद. कुठलाही ॲक्सल बसवताना शाफ्टचा कोन सुधारून आवाज घालवायला पाट्याखाली पाचर घालून पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडतो ते टोक, वर उचलायचा मोह होतो. उचललात की किंगपिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, तेवढाच कमी होतो. नकल धरणारा सी आकाराचा तुकडा ॲक्सलच्या नळीला वेल्ड केलेला असतो, तो वेगळा फिरत नाही. मग हायवेवर गाडी सरळ राहत नाही आणि लोक स्टिअरिंग बॉक्सला शिव्या देतात. उद्यमनगरात माझे मिस्त्री म्हणायचे, आधी गाडी सरळ चालू दे, आवाजाचं नंतर बघू.

प्रश्न : आमच्या मामांची जुनी सीजे-3बी जीप. मागचा ॲक्सल भंगारातून आणून बसवला. तेव्हापासून फोर-व्हील टाकली की गाडी अडते, लिव्हर निघत नाही. पुढचा ॲक्सल बदलावा का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पुढच्याला हात लावू नका. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकली की थोडं अडणारच, तिथे टाकायचीच नसते. चिखलातही अडत असेल तर दोन्हींचे रेशो वेगळे आहेत. या घराण्यात 5.38, 4.88 आणि 4.27 असे क्राऊन-पिनियन येतात. एकीकडे 5.38 आणि दुसरीकडे 4.88 असेल, तर एका शाफ्टच्या दहा फेऱ्यांना दुसऱ्याच्या अकरा होतात. ट्रान्सफर केस ते किती दिवस सोसणार?

मोजायला गॅरेज लागत नाही. बाकीच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल, लिव्हर टू-व्हीलला. हँडब्रेक सोडा. या जीपचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो, तो ओढलेला राहिला तर चाक फिरणारच नाही. शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि चाकाच्या बरोब्बर दोन फेऱ्या द्या. शाफ्टच्या पाचाहून तिसरा हिस्सा जास्त झाल्या तर 5.38, पाचाला किंचित कमी तर 4.88, सव्वाचार तर 4.27. पुढेही असंच. मग भंगारवाल्याकडून मागचा बदलून घ्या. दुसऱ्याच गाडीचा ॲक्सल घालायचा विचार असेल, तर गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 आहे. आधी आरटीओत विचारा.

प्रश्न : 1986ची टोयोटा पिकअप. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून 1985चा अखंड ॲक्सल घालू?
– एक वाचक, ओरेगन

उत्तर : टोयोटाने अमेरिकेत 1986लाच अखंड ॲक्सल सोडला, म्हणून 1985चा सगळे शोधतात आणि भाव चढलेत. गोळा उजवीकडे, बाजू जुळते. पण चॅसिसवर पाट्यांचे हँगर आणि शॉकचे आधार नव्याने वेल्ड करायचे, शिवाय स्टिअरिंगची मांडणी बदलायची. तुम्ही लिहिलंय की गाडी मासे पकडायला नेता. चाकांच्या शाफ्टवरचे रबरी बूट फाटलेत का बघा, फाटले असतील तर सीव्ही शाफ्ट बदला आणि जा.