माझ्याकडे कोंबड्यांचे दोन कळप असून दोन्हींत एकेक नर आहे. ते एका खुराड्यात ठेवता येतील का?

ठेवता येतील, परंतु एकदम नव्हे. आणि एका नरामागे आठ-दहा माद्या पडत नसतील, तर दोहोंपैकी एकच नर ठेवणे शहाणपणाचे ठरेल, कारण माद्या कमी पडल्या की नर त्याच त्या माद्यांवर वारंवार चढतात आणि त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते. कोणी कोणाला टोचायचे याची प्रत्येक कळपात एक उतरंड ठरलेली असते. कळप एकत्र आले की ती मोडते आणि नव्याने ठरेपर्यंत झटापटी होतातच. बाहेरून आणलेला कळप प्रथम दोन ते चार आठवडे पूर्णपणे वेगळा ठेवून मानमोडी (राणीखेत रोग), सर्दी किंवा उवांची लक्षणे दिसतात का ते पाहावे. हाच टप्पा लोक सर्रास गाळतात. त्यानंतर आठवडाभर मध्ये फक्त जाळी असावी, आणि मग दोन्ही कळप दिवसा, मोकळ्या व शक्यतो दोघांनाही नवख्या जागेत सोडावेत, दाणापाणी तीन-चार ठिकाणी ठेवावे आणि हरणाऱ्या नराला दडायला आडोसा द्यावा. मानेची पिसे फुलवून दोघे समोरासमोर उड्या घेतील, थोड्या वेळाने एक जण मान खाली घालून बाजूला होईल. तोवर मध्ये पडू नये. मात्र माघार घेतलेल्याचा पाठलाग थांबत नसेल किंवा डोळ्याला इजा झाली असेल, तर त्यांना लगेच वेगळे करावे. नर असील जातीचे असतील तर हा प्रयत्नच करू नये, कारण झुंजीसाठी जोपासलेली ही जात सहसा माघार घेत नाही.